उरलेल्या दातांवर उभी राहणारी कवळी

दाढ काढली की ठणका थांबतो आणि माणूस ‘सुटलो’ म्हणतो. आठवड्याभरात जखम भरत येते, घास दुसऱ्या बाजूला जायला लागतो, आणि ‘दात काय, बसवू सावकाश’ म्हणता म्हणता पाच-सात वर्षं सरतात. पुढचा दात पडला असता तर घरातल्या पहिल्या लग्नकार्याआधी धावपळ झाली असती. मागची मोकळी जागा कुणाला दिसत नाही, म्हणून ती तशीच राहते.

तोंडात मात्र काहीच तसंच राहत नाही. मोकळ्या जागेकडे शेजारचा दात हळूहळू कलतो. समोरच्या जबड्यातल्या दाताला चावायला काही उरत नाही, तो त्या जागेत उतरू लागतो. ज्या हाडात मूळ रुतलेलं होतं ते हाड आकसतं. ही झीज पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त होते आणि पुढेही संथपणे चालू राहते. कललेल्या दातांच्या फटीत अन्न अडकतं, तिथे कीड लागते, हिरडी सुजते आणि मग दुसरा दात जातो. दहा वर्षांनी माणूस दात बसवायला येतो तेव्हा बसवायला जागाच शिल्लक नसते. वरची दाढ खालच्या हिरडीला टेकलेली असते.

दात बसवायला आलेल्याचं सगळं लक्ष गेलेल्या दातांकडे असतं. या लेखात मला सांगायचं आहे ते असं, की अर्धी कवळी, म्हणजे तोंडात काही दात शिल्लक असताना बसवलेली काढता-घालता येणारी कवळी, हा मुख्यतः उरलेल्या दातांचा विषय आहे. ती त्यांना धरून बसते, घासाचा भार त्यांच्यावर टाकते आणि नीट केली नाही, नीट ठेवली नाही तर त्यांनाही सोबत घेऊन जाते.

मोकळी जागा भरायचे मार्ग तीन. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवायचा, हे इम्प्लांट. शेजारचे दात घासून त्यांच्यावर कॅप बसवायच्या आणि मधला दात त्यांना जोडून टाकायचा, हा ब्रिज. लोक यालाच ‘फिक्स दात’ म्हणतात. तिसरा मार्ग अर्ध्या कवळीचा. एखादाच दात गेला असेल, दोन्ही बाजूंचे दात भक्कम असतील आणि खर्चाची तयारी असेल, तर पहिल्या दोन मार्गांचा विचार आधी करावा. पण दोन-तीन ठिकाणी मिळून बरेच दात गेले असतील, मागच्या टोकाला ब्रिजचा आधार घ्यायला दातच नसेल, हाड फार झिजलेलं असेल, साखर ताब्यात येत नसेल, किंवा एवढा पैसा एकदम काढणं शक्य नसेल, तर अर्धी कवळी हा शहाणपणाचा पर्याय आहे. क्रिकेट खेळताना पुढचा दात गमावलेल्या चौदा वर्षांच्या मुलालाही बहुधा हाच पर्याय द्यावा लागतो, कारण जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. कवळी बसवणं म्हणजे गरिबाचा किंवा म्हाताऱ्याचा उपाय, असं मनात धरून कुणी वर्षानुवर्षं एका बाजूने चावत बसू नये.

आणि प्रत्येक मोकळी जागा भरलीच पाहिजे असंही नाही. शेवटची एखादी दाढ गेली, समोरचा दात खाली येत नाही, जेवण व्यवस्थित चाललं आहे, अशा वेळी काहीही न बसवता दर सहा महिन्यांनी तपासत राहणं चालतं. पुढचे दात आणि त्यांच्यामागच्या उपदाढा दोन्ही जबड्यांत शाबूत असतील तर बऱ्याच माणसांचं जेवण त्यावर भागतं. जपानमध्ये १९८९ पासून ‘८०२०’ नावाची मोहीम चालू आहे: ऐंशीव्या वर्षी तोंडात स्वतःचे किमान २० दात असावेत. ३२ च्या ३२ टिकवा असं तीही म्हणत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ही जागा नाही भरली तर काय होईल?’ उत्तर तुमच्या तोंडाकडे बघून आणि एक्स-रे दाखवून मिळालं पाहिजे.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण ते सर्रास दिसतं आणि सगळ्यात अवघडही तेच आहे. साठीच्या बाई. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, पुढचे सहा-आठ दात शिल्लक. भाकरी दुधात कुस्करून खातात, नाहीतर घास पुढे घेऊन पटाशीच्या दातांनी चावतात. ते दात तोडायला घडलेले आहेत, दळायला नाहीत. त्यांची टोकं झिजून सपाट झालेली असतात. एडवर्ड केनेडी या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ साली काही दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले, ते आजही जगभर वापरतात. त्यांतला पहिला वर्ग म्हणजे हीच स्थिती: दोन्ही बाजूंना मागे दात नाहीत आणि मागच्या टोकाला आधारही नाही.

अवघड का, तर पुढे कवळी दातांना धरते आणि मागे हिरडीवर टेकते. घासाचा दाब आला की दात जेमतेम हलतो, हिरडी मात्र त्याच्या कितीतरी पट दबते. एका टोकाला खिळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला चिखलावर टेकलेल्या फळीसारखी तिची गत होते. मागचं टोक रुततं आणि पुढचा दात प्रत्येक घासाला उचकटला जातो. दिवसाला शेकडो घास, अशी वर्षं. म्हणून या ठिकाणी कवळी कशाची आणि कशी केली आहे याला फार महत्त्व येतं.

सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारी कवळी अॅक्रिलिकची. गुलाबी रंगाचा पत्रा, त्यात दात आणि बाजूला तारेचे हूक. तिला दुरुस्ती सोपी, नंतर आणखी एक दात गेला तर तो त्यातच वाढवून घेता येतो. पण साध्या अॅक्रिलिक कवळीत दातावर टेकणारा भाग बहुधा नसतो, सगळा भार हिरडीवर जातो. हाड झिजलं की ती खाली बसते आणि तिची कड दाताजवळची हिरडी सोलत जाते. जखम भरेपर्यंत, किंवा पुढचा उपाय होईपर्यंत तात्पुरती म्हणून ती उत्तम. अनेक घरांत मात्र ती तात्पुरती कवळी दहा वर्षं वापरात राहते, आणि उरलेल्या दातांची वाट लागते ती तिथे.

दुसरी धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची, लॅबमध्ये साच्यात ओतून केलेली. तिचा सांगाडा पातळ आणि ताठ असतो, जिभेला कमी अडतो. तिला बारीक ‘रेस्ट’ असतात, म्हणजे दातावर टेकणारे छोटे पाय. त्यांच्यासाठी डॉक्टर तुमच्या दातांवर लहानशा खाचा करतात. ‘चांगला दात का घासताय?’ असं विचारून घाबरू नका. या रेस्टमुळेच बराचसा भार हिरडीऐवजी दाताच्या मुळाच्या दिशेने उतरतो आणि कवळी हिरडीत तितकी रुतत नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईंना इम्प्लांट जमत नसेल तर माझी पसंती हीच. खर्च अॅक्रिलिकच्या काही पट येतो, पण दात वाचवायचे असतील तर पैसे इथे घालावेत, चकाकणाऱ्या पुढच्या कॅपवर नाही.

तिसरी फ्लेक्सिबल, नायलॉनसारख्या लवचिक मटेरियलची. हूक हिरडीच्या रंगाचे, त्यामुळे हसताना तार दिसत नाही. हलकी, पडली तर सहसा तुटत नाही. हिची मागणी वाढते आहे आणि पुढचा एखाद-दुसरा दात असेल तर ती छान दिसते. तरी जाणून घ्या की तिला रेस्ट नसतात, दुरुस्ती आणि आतून अस्तर भरणं कठीण जातं, आणि काही वर्षांत तिचा पृष्ठभाग खरखरीत होऊन त्यावर बुरशी धरते. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढांसाठी कुणी केवळ ‘दिसायला चांगली’ म्हणून ही सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

एका गोष्टीपासून मात्र हात जोडून दूर राहा. बाजाराच्या दिवशी, जत्रेत, एस.टी. स्टँडजवळ ‘एका तासात फिक्स दात’ बसवून देणारे लोक अजून भेटतात. ते तोंडातच कच्चं अॅक्रिलिक घट्ट करतात, शेजारच्या दातांना तारेने किंवा तसंच चिकटवून टाकतात. पहिले काही महिने माणूस खूश असतो. हा दात निघत नाही, मग त्याखाली ब्रश जात नाही, अन्न सडत राहतं, हिरडी त्यावर वाढते आणि ज्यांना तो चिकटवला ते दोन्ही दात हलायला लागतात. एका खोट्या दातापायी दोन खरे जातात. पैशांची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय. तिथे फेऱ्या जास्त होतात, कारण विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यात वाईट काहीच नाही. उलट प्रत्येक टप्पा कुणीतरी ज्येष्ठ माणूस तपासतो.

कवळीचं माप घ्यायच्या आधी तोंड तयार करावं लागतं. दातांवरचं किटण काढणं, किडलेले दात भरणं, लागेल तिथे रूट कॅनल, न वाचणारे दात काढणं. ही कामं टाळून थेट माप घेणारा डॉक्टर तुमचा वेळ वाचवत नाही. किटण आणि सूज असलेल्या दाताला हूक अडकवला तर तो फार दिवस टिकत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील, रक्त पातळ करणारी औषधं असतील, कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, तर दात काढायच्या आधी न विसरता सांगा. या बाबतीत ‘त्यांनी विचारलं नाही’ असं होऊन चालत नाही.

दात काढल्यावर साधारण दीड-दोन महिने हिरडी भरू देतात, मग माप. पहिलं माप, त्यावरून अभ्यासाचा साचा, दातांवरच्या खाचा, दुसरं नेमकं माप, मेणावर चावून दोन्ही जबड्यांचं नातं टिपणं, दातांचा रंग ठरवणं. त्यानंतर येते ट्रायल, आणि या फेरीला घाई करू नका. खोट्या दातांची रांग गुलाबी मेणात बसवून तोंडात घालून बघतात. कवळी पक्की होण्याआधी बदल करून घ्यायची ही शेवटची सोपी वेळ. हातात आरसा घ्या, खिडकीच्या उजेडात उभे राहा. दात शेजारच्यापेक्षा पांढरा वाटतोय? आखूड दिसतोय? ओठ उगाच पुढे आल्यासारखा वाटतोय? ‘पासष्ट’, ‘सासूबाई’, ‘पिशवी’ असे शब्द मोठ्याने म्हणून बघा. घरातल्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला बरोबर न्या. पक्की कवळी हातात आल्यावर दाताचा रंग बदलून मागणं सगळ्यांनाच महाग पडतं.

पैसे ठरवताना एवढं विचारून घ्या: कवळी दिल्यानंतर टोचणारी जागा घासून देण्याच्या फेऱ्या याच रकमेत आहेत का, आणि पुढे एखादा दात गेला तर तो या कवळीत वाढवता येईल का.

पहिले दिवस परके वाटतात. लाळ सुटते, जीभ अडखळते, ‘स’ आणि ‘श’ सांडतात. रोज थोडा वेळ वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, आठवडा-दोन आठवड्यांत बोलणं जागेवर येतं. खाणं मऊ पदार्थांनी सुरू करा: खिचडी, उपमा, शिजलेल्या भाज्या, बारीक तुकडे करून पोळी. घास दोन्ही बाजूंनी एकदम चावा, म्हणजे कवळी एका अंगाला उचलत नाही. ज्वारीची भाकरी काही दिवसांनी जमते, आधी आमटीत भिजवून, मग कोरडी. ऊस, चिक्की, सुपारी आणि अख्खा पेरू यांना रामराम म्हणावा लागेल. पेरू चिरून, बिया काढून. तीळ छळतात. तिळगुळातला एक दाणा कवळीखाली सरकला की डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा संक्रांतीला वडी खाल्ल्यावर कवळी धुऊन घ्या. टाळू झाकणारी वरची कवळी असेल तर चहाचा कढतपणा तोंडात कळत नाही, थेट घशाला कळतो. पहिले घोट फुंकून घ्या.

कवळी बोटांनी बसवा. ती वर टेकवून दातांनी चावत जागेवर आणायची सवय लागली की हूक वाकतात, कधी पत्राही मोडतो. काढताना दोन्ही बाजूंच्या हुकांखाली नख घालून एकदम ओढा. एकाच बाजूने उपसत राहिलं तर त्या बाजूचा दात सैल होतो. टोचू लागली तर कानशीने घरी घासू नका, हूक पकडीने वाकवू नका, तुटली तर फेविक्विकने चिकटवू नका. डॉक्टरकडे जायच्या आधी मात्र काही तास ती तोंडात ठेवा, म्हणजे हिरडीवर नेमकी कुठली जागा लाल झाली आहे ते त्यांना दिसतं. दुखतं म्हणून चार दिवस काढून ठेवली आणि मग गेलात तर खूण पुसलेली असते.

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून नळाखाली धुवा, खळखळून चूळ भरा. दिवसातून एकदा मऊ ब्रशने, साध्या साबणाच्या पाण्याने नीट घासा, हुकांच्या आतल्या बाजूनेही. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक कणांनी अॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यात घाण धरते. कढत पाणी नको, कवळी वाकडी होते. धातूच्या कवळीला ब्लीच लावू नका. बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा किंवा टॉवेल पसरा, कारण साबणाच्या हातातून निसटलेली कवळी फरशीवर आपटली की तिचे दोन तुकडे होतात. आणि मग आपले खरे दात घासा, विशेषतः ज्यांना हूक धरतात ते. त्यांच्या बाजूला जिथे हूक टेकतो तिथे कीड सगळ्यात आधी लागते. एवढं एक काम नियमाने केलं तर अर्धी कवळी वर्षानुवर्षं सुखाने वापरता येते.

रात्री कवळी काढून पाण्याच्या डबीत ठेवायची. हिरडीला श्वास हवा, लाळेने धुतलं जायला हवं. चोवीस तास झाकलेली हिरडी लाल होते आणि तिथे बुरशी वाढते. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या वृद्धांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपताना कवळी तोंडात ठेवणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. नवऱ्यासमोर, सुनेसमोर बोळकं दिसतं म्हणून रात्रीही कवळी न काढणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांच्या संकोचाची टिंगल न करता घरच्यांनीच विषय काढावा, डबी उशाशी आणून ठेवावी.

मिश्री लावणाऱ्यांनी आणि तंबाखू मळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तपकिरी थर कवळीवर बसतोच, शिवाय तंबाखू गालात धरायच्या जागेवर कवळीची कड घासत असेल तर झालेला व्रण ‘कवळी लागली असेल’ म्हणून दुर्लक्षला जातो. कवळी घासून दिल्यावर, किंवा ती काढून ठेवल्यावर, दोन आठवड्यांत जो व्रण भरत नाही तो कवळीचा समजू नका. लगेच दाखवा आणि डॉक्टर तुकडा तपासायला सांगत असतील तर पुढे ढकलू नका. पांढरा किंवा लाल चट्टा, दुखत नसला तरी, याच नियमात येतो.

कवळी आयुष्यभराची नसते. हाड झिजत राहतं, त्यामुळे ती खालून पोकळ होते. मग आतून अस्तर भरून घ्यावं लागतं. वर्षातून एकदा तरी कवळी आणि तोंड दोन्ही तपासून घ्या, काही दुखत नसलं तरी.

घरात कुणी पक्षाघाताने, कंपवाताने किंवा विस्मरणाने आजारी असेल तर त्यांची कवळी ही तुमची जबाबदारी आहे. ती सैल नाही ना, हूक तुटलेला नाही ना, हे बघत राहा. एक-दोन दातांची लहान कवळी गिळली जाऊ शकते, तिचा हूक अन्ननलिकेत रुतू शकतो, आणि अॅक्रिलिक एक्स-रेमध्ये धड दिसत नाही. फिट येणाऱ्या माणसासाठी कवळी करताना डॉक्टरांना तसं आधीच सांगा. ऑपरेशन असेल तेव्हा कवळी काढून नातेवाइकाच्या हाती द्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तोंडी सांगा. ब्रिटनमध्ये ७२ वर्षांच्या एका गृहस्थांच्या साध्या शस्त्रक्रियेत कवळी तोंडातच राहिली. पुढे त्यांना गिळता येईना, तोंडातून रक्त यायला लागलं, आणि शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी ती घशात सापडली. ही नोंद २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. म्हणून जेवताना अचानक गिळता येईना, घशात टोचायला लागलं, लाळ गळायला लागली आणि कवळी तोंडातही नसेल, डबीतही नसेल, तर केळं-भात खाऊ घालून ती खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. काहीही न भरवता थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा की कवळी सापडत नाहीये.